जुन्या संगणकातलं नव्यात नेताना

गणपतीला गावी येणाऱ्या भावाच्या नाहीतर मुलाच्या हातात हल्ली बऱ्याचदा नव्या लॅपटॉपचा खोका असतो. आरत्या, भजनं, जेवणं उरकली की घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता जुन्यातलं सगळं ह्यात घालून दे." परतीचं तिकीट दोन दिवसांवर आलेलं असतं. घाईघाईत पेनड्राइव्ह लावला जातो, समोर दिसेल ते उचललं जातं, आणि चाकरमानी मुंबईला जातात. दिवाळीच्या सुमारास मला फोन येतो. हिशेबाच्या प्रोग्राममधली कंपनी उघडत नाही, जुन्या पत्रांतली मराठी अक्षरं गायब झाली आहेत, आणि जुना संगणक भंगारवाल्याला देऊन झाला आहे.

देवगडच्या आसपास घरोघरी जाऊन मी हे काम करतो. बागायतदार, किराणा दुकानं, घरगुती निवासवाले, पत्रिका छापणारे असे सगळे भेटतात. पहिल्यांदाच हे करणाऱ्याला नीट जमावं म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. उदाहरणं विंडोजची आहेत, कारण इकडच्या घरांत नि दुकानांत तेच आहे. विंडोज 10 ची सुरक्षा अद्ययावतं 14 ऑक्टोबर 2025 ला नियमितपणे यायची थांबली, आणि जुन्या यंत्रांवर विंडोज 11 बसत नाही, म्हणून सध्या बदलाबदली जोरात आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. फाइल उचलून नेता येते, प्रोग्राम उचलून नेता येत नाही. हापूसचं मोठं झाड उपटून दुसऱ्या वाडीत लावलं तर जगत नाही. आंबे पेटीत भरून न्यायचे आणि तिकडे नवं कलम लावायचं. प्रोग्रामही तसाच रुजलेला असतो. त्याचा काही भाग सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये, काही लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, आणि बऱ्याच नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदवहीत असतात. नुसता फोल्डर कॉपी केला तर ह्या नोंदी मागेच राहतात आणि नव्या यंत्रावर डबल क्लिक केल्यावर एरर येते. क्वचित एखादा छोटा प्रोग्राम तसाही चालतो, पण त्यावर विसंबू नका. प्रोग्राम नव्याने बसवायचा, आणि त्यात केलेलं आपलं काम जुन्यातून आणायचं.

पहिली संध्याकाळ: फक्त यादी

पहिल्या दिवशी काहीच कॉपी करू नका. वही घेऊन जुन्या संगणकासमोर बसा. सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडा. तिथे बसवलेल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी दिसते, तिचे मोबाइलवर फोटो काढा. मग ज्याचा संगणक आहे त्याला विचारा, "रोज काय उघडता? महिन्यातून एकदा काय लागतं? वर्षातून एकदा काय लागतं?" हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रोजचं कुणी विसरत नाही. वर्षातून एकदा लागणारं हमखास विसरतं, आणि त्याची आठवण होते तोवर जुनं यंत्र घरात नसतं.

एका बागायतदार काकांच्या घरी हे असंच झालं असतं. मला म्हणाले, "सगळां ह्याच डब्यात आसा, कायएक जाऊक नको हां." मी विचारलं, "काका, मार्च-एप्रिलात पेट्या पाठवताना गिऱ्हाइकांचे पत्ते कुठून काढता?" एक्सेलची फाइल होती. डॉक्युमेंट्समध्ये शोधली, नाही. डेस्कटॉपवर नाही. शेवटी एक्सेल उघडून अलीकडे वापरलेल्या फायलींची यादी पाहिली, तर ती डी ड्राइव्हवर 'कॅमेरा' नावाच्या फोल्डरात निघाली. फोटो उतरवताना कुणीतरी चुकून तिथे सेव्ह केली होती, आणि मग वर्षानुवर्षं तिथूनच उघडली जात होती. पुण्या-मुंबईची सगळी जुनी गिऱ्हाइकं त्या एका फाइलीत होती. म्हणून प्रत्येक महत्त्वाचा प्रोग्राम एकदा उघडून त्याची 'अलीकडच्या' फायलींची यादी बघाच. त्यात फाइल कुठे ठेवली आहे हेही कळतं.

काम कुठे कुठे लपलेलं असतं

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज हे नेहमीचे फोल्डर सी ड्राइव्हवर युजर्समध्ये आपल्या नावाखाली असतात. घरात दोघं-तिघं वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करत असतील तर प्रत्येकाचा फोल्डर निराळा. त्याशिवाय डी ड्राइव्ह, आणि सी ड्राइव्ह उघडल्याबरोबर दिसणारे विंडोजचे नसलेले फोल्डरही तपासा. डाउनलोड्सला कचरा समजून सोडू नका. सातबाऱ्याचे उतारे, वीजबिलं, विम्याच्या पॉलिसी, शाळेचे दाखले बहुतेक घरांत तिथेच पडलेले असतात.

टॅली ह्या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा बहुधा युजर्समधल्या पब्लिक फोल्डरात असतो, पण बसवणाऱ्याने तो दुसरीकडेही ठेवलेला असू शकतो. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो, तो वहीत लिहून घ्या. कुणी आउटलुक वापरत असेल तर त्याची मेलची साठवण पाहायला हवी. बहुधा ती पीएसटी प्रकारची एकच मोठी फाइल असते, आणि आउटलुक पूर्ण बंद करूनच ती कॉपी करायची.

ब्राउझरमधल्या खुणा (बुकमार्क) नि पासवर्ड न्यायचा सोपा मार्ग म्हणजे क्रोममध्ये आपल्या गूगल खात्याने लॉगिन करून सिंक चालू करणं. नव्या यंत्रावर त्याच खात्याने लॉगिन केलं की सगळं येतं. पासवर्ड फाइलीत काढून नेणारेही आहेत. पण त्या फाइलीत बँकेपासून सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. ती पेनड्राइव्हवर राहिली आणि तो पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात गेला, तर काय होईल ते सांगायला नको. मी हा मार्ग कुणाला सुचवत नाही.

वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीकडे, नीट लक्ष द्या. बऱ्याच संगणकांवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कुणाला न कळता वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेले असतात. फाइलीच्या नावाशेजारी निळसर ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाही, इंटरनेटवर आहे. दिसते मात्र डिस्कवर असल्यासारखी. अशा फोल्डरावर उजवं क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरून हिरवी खूण येईपर्यंत थांबा, मगच कॉपीला हात घाला. फुकट मिळणारी जागा तिथे 5 जीबीच असते, त्यामुळे अर्धं वर चढलेलं आणि अर्धं अडकलेलं असाही प्रकार दिसतो.

कशावर भरायचं

युजर्समधल्या आपल्या फोल्डरावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, तसंच डी ड्राइव्हच्या फोल्डरांचं करा, आणि बेरीज मांडा. घरगुती संगणकात फोटो धरून शंभर-दोनशे जीबी सहज निघतात.

इंटरनेटवरून पाठवावं असं शहरातला माणूस सुचवेल. आपल्याकडे घाटीखाली वसलेल्या वाडीत मोबाइलचं नेटवर्क कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. अपलोडचा वेग 5 एमबीपीएस धरला तर 150 जीबी चढवायला अखंड 66 तासांहून जास्त लागतील. त्यात नेट तुटणं आलं, डेटा संपणं आलं. गूगलची फुकट जागाही 15 जीबीच. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या. एकूण भरेल त्याच्या दुपटीची घ्या, पुढे ती कामाला येणार आहे.

जुन्या यंत्राला निळ्या जिभेचं यूएसबी 3 चं भोक असेल तर तेच वापरा. यूएसबी 2 मधून प्रत्यक्षात सेकंदाला 30 एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे 200 जीबीला दोन तास. यूएसबी 3 ला साधी हार्ड डिस्क लावली तरी 100 एमबीच्या आसपास मिळतो, तेच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. हजारो बारीक फायली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो.

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही आणि जागा असूनही 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो, ही तक्रार नेहमीची. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी तो रिकामा आहे ना ते बघा.

दिवस बघा, लाइट बघा

जमत असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा. आषाढ-श्रावणात लाइटचा भरवसा नसतो, आणि चार महिने बंद राहिलेला संगणक दमट हवेत सुरूच होत नाही. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने संगणकातल्या रॅमच्या (मेमरीच्या) सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो. वायर काढून, रॅम बाहेर घेऊन, पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसल्या आणि परत घट्ट बसवल्या की कित्येक 'मेलेले' संगणक उठतात. आधी केसच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

गणपतीतच करायचं असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घ्या, आणि आभाळ गडगडत असेल तर त्या दिवशी सोडून द्या.

जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल, फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लावत असेल, तर ती शेवटाला आली आहे. तिच्यावर डीफ्रॅग किंवा दुरुस्तीचे प्रयोग करू नका. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उचला: माणसांचे फोटो, हिशेब, गिऱ्हाइकांच्या याद्या, कागदपत्रं. सिनेमे आणि गाणी शेवटी, नाहीतर नकोतच.

संगणक उठतच नसेल पण डिस्क शाबूत असेल, तर ती बाहेर काढून साटा-यूएसबी केसमध्ये (डिस्क यूएसबीला जोडायच्या डबीत) घालून नव्या यंत्राला लावता येते. लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. नव्या धाटणीच्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकर ह्या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असू शकते. तिची 48 आकडी चावी बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. यंत्र चालू आहे तोवरच ती चावी कागदावर उतरवून ठेवा.

कॉपी, कट नाही

माझ्याकडून एकदा झालेली चूक सांगतो. घरच्याच संगणकावरचा फोटोंचा फोल्डर हलवताना मी 'कट' केलं, जागा वाचेल म्हणून. अर्ध्यात लाइट गेली. हलवताना विंडोज एकेक फाइल तिकडे लिहून इकडून पुसत जातं. लाइट आली तेव्हा काही फोटो इकडे नव्हते, आणि तिकडे नुसती नावं होती, उघडत एकही नव्हता. आजीचे शेवटच्या दिवाळीतले फोटो त्यात गेले. ते परत आले नाहीत. तेव्हापासून मी कुणाच्याही यंत्रावर कट वापरत नाही.

आधी जुन्या यंत्रावर विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण स्कॅन घ्या. पेनड्राइव्हवरचे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसत असतील तर व्हायरस आहे, तो साफ झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग बाहेरच्या डिस्कवर त्या दिवसाच्या तारखेचा फोल्डर करा, आणि त्यात एकेक मोठा फोल्डर कॉपी करत जा. सगळं एकदम निवडून पेस्ट केलं आणि मध्येच एखादी फाइल अडली, की काय गेलं नि काय राहिलं ते कळत नाही. फाइल अडली तर तिचं नाव वहीत लिहा, 'स्किप' करा, नंतर बघा. बहुतेक वेळा ती कुठल्यातरी प्रोग्राममध्ये उघडी असते, नाहीतर फोल्डरात फोल्डर होऊन तिचा पत्ता फार लांबलेला असतो.

प्रत्येक फोल्डर झाला की दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या आणि 'साइझ' जुळवा. खालचा 'साइझ ऑन डिस्क' वेगळा दिसला तर घाबरू नका, डिस्कच्या फॉरमॅटप्रमाणे तो बदलतो. मग दहा-बारा फायली डिस्कवरूनच उघडून बघा: एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक एक्सेल. डिस्क काढताना 'इजेक्ट' केल्याशिवाय ओढू नका.

आता नव्या यंत्रावर प्रोग्राम

फोटोंतली यादी समोर ठेवा. यादीतलं अर्धं तरी लागणार नाही, ते बसवू नका. बाकीचे प्रोग्राम बनवणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरून नव्याने उतरवा. जुन्या डाउनलोड्समधला सेटअप किंवा कुणाच्या पेनड्राइव्हवरचं 'क्रॅक' आणू नका. नव्या यंत्रात व्हायरस शिरायची ती हमखास वाट आहे.

टॅलीचं लायसन्स जुन्या यंत्रावर असताना आधी तिथे 'सरेंडर' करायचं, म्हणजे त्या यंत्रावरून सोडवायचं, मग नव्यावर चालू करायचं. त्याला इंटरनेट लागतं आणि नोंदणीचा ईमेल लागतो. दुकान उभं केलं तेव्हा कुणाचा ईमेल दिला होता ते आधीच शोधा, बऱ्याचदा तो जुन्या हिशेबनिसाचा निघतो. डेटाची बॅकअप प्रत हात न लावता बाजूला ठेवा, कारण जुन्या आवृत्तीतला डेटा नवीत रूपांतरित झाला की मागे नेता येत नाही.

ऑफिस खात्यावर घेतलेलं असेल तर त्याच खात्याने लॉगिन करायचं. यंत्राबरोबर आलेलं असेल तर ते बहुधा त्या यंत्रापुरतंच असतं. जीएसटी किंवा टेंडरसाठीची डिजिटल सही बहुधा पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते, संगणकात नसते. नव्या यंत्रावर त्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, बसवला की झालं. प्रिंटरचा ड्रायव्हर मॉडेल क्रमांक बघून उतरवा. जुन्या पतपेढीत किंवा दुकानात विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा प्रोग्राम अजून चालत असेल तर थांबा. विंडोज 11 फक्त 64 बिटचं आहे, त्यावर तो थेट चालणार नाही. त्यातले हिशेब आधी छापून किंवा एक्सेलमध्ये काढून घ्यायला हवेत.

मराठी फॉन्ट: इथेच सगळ्यात जास्त अडतं

ह्यावर इंग्रजी मार्गदर्शनात तुम्हाला काही सापडणार नाही, म्हणून थोडं सविस्तर. नव्या यंत्रावर ग्रामपंचायतीचं जुनं पत्र किंवा लग्नपत्रिकेचा मजकूर उघडला, आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, आकडे नि चिन्हांची खिचडी दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. ती श्रीलिपी, कृतिदेव, आकृती किंवा सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. ह्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी 'क' हे 'क' नसतंच. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसला की चित्र जातं आणि मागचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं.

म्हणून जुनं यंत्र चालू आहे तोवर तिथे ते पत्र उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टचं नाव वाचून वहीत लिहा. मग सी ड्राइव्हवर विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर उघडून त्या नावाचे सगळे फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ठळक आणि तिरकी अक्षरं वेगळ्या फाइलीत असतात, तीही घ्या. नव्या यंत्रावर त्यांवर उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' करा. पत्र पुन्हा उघडा, मराठी दिसेल. विकत घेतलेल्या काही फॉन्ट-पॅकेजांना यूएसबीचं लॉक, म्हणजे पेनड्राइव्हसारखी चावी लागते. जुन्या डेस्कटॉपच्या पाठीमागे ते कुठेतरी खोचलेलं असतं. भंगारात द्यायच्या आधी हात फिरवून बघा.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचं घर असतं, म्हणून त्यातल्या फायलींना ही अडचण येत नाही. फक्त मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट नव्या विंडोजमध्ये आपोआप बसलेले नसतात. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्या. तिथेच भाषांमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी फोनेटिकही मिळतो.

जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी त्यांत हमखास हलतात. ज्या मजकुराचं काम आहे तेवढाच बदला आणि मूळ फाइलीशी ओळ न ओळ ताडून बघा. नवं लिखाण मात्र आजपासून युनिकोडमध्येच करा.

जुनं यंत्र कधी सोडायचं

एक पूर्ण चक्र होईपर्यंत नाही. दुकान असेल तर एक जीएसटी रिटर्न आणि मार्चअखेर नव्या यंत्रावर पार पडू द्या. बागायतदार असाल तर आंब्याचा एक सीझन. निवासव्यवस्था असेल तर मे महिन्याची गर्दी. तोवर जुनं यंत्र कोरड्या खोलीत कापडाखाली ठेवा, आणि पंधरवड्यातून एकदा तासभर चालू करा.

चक्र झालं की उरलेल्या प्रोग्रामांचं लायसन्स आणि खाती तिथून काढा, मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून ते यंत्र हटवा. मग सेटिंग्जमधून रीसेट करताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा, आणि पुढच्या पर्यायांत 'क्लीन डेटा' चालू करा. ह्याला काही तास लागतात, लागू द्या. नुसत्या डिलीट केलेल्या फायली जाणकार माणूस परत काढू शकतो, आणि त्यात तुमच्या आधार-पॅनच्या प्रती असतात.

राहिली ती बाहेरची डिस्क. ती नव्या संगणकाच्या टेबलाच्या खणात ठेवू नका. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा ओळखीच्या एका दुकानात संगणक आणि बॅकअपची डिस्क दोन्ही त्याच टेबलासकट बुडाली. डिस्क झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर घाला, वर तारखेची चिठ्ठी चिकटवा, आणि मावशीकडे, बहिणीकडे, चढणीवरच्या कुणाच्या तरी घरी माडीवर ठेवायला द्या. होळीला आणि गणपतीला तिकडे जाणं होतंच. त्या वेळी डिस्क घरी आणा, नवं भरा, दोन फायली उघडून बघा, चिठ्ठीवरची तारीख बदला आणि परत नेऊन द्या.